बसभाड्याचे गणित मांडताना सूत्रही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या ‘बेस्ट’ बसच्या भाडेवाढीचा विषय निघाला की दोन विधाने हमखास वाचायला मिळतात : ‘भाडे दुप्पट म्हणजे उत्पन्न दुप्पट’ आणि ‘भाडे वाढले म्हणून प्रवासी पळाले’. धोरणाचे मॉडेल मांडणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही हिशेब अर्धवट आहेत.

९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ चे १० रुपये आणि वातानुकूलित बसचे ६ चे १२ रुपये झाले. समजा, पूर्वी १०० प्रवासी ५ रुपये देत होते. जमा ५०० रुपये. आता मागणीची लवचिकता हवी, म्हणजे भाडे १ टक्का वाढले तर प्रवासी किती टक्के घटतात तो आकडा. ब्रिटनमधील २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात बससाठी तो सुरुवातीला साधारण ०.४, पाच-सात वर्षांत ०.५६ आणि दीर्घकाळात १ च्या आसपास आढळला. ०.४ सरळ टक्केवारीने लावला तर १०० टक्के वाढीला ४० प्रवासी गळतात, जमा ६०० रुपये. तोच आकडा घातांकाने लावला (२ चा उणे ०.४ घात) तर २४ गळतात आणि जमा ७६० रुपये. आकडा एकच, फक्त सूत्र बदलले! सरळ टक्केवारी ५-१० टक्के वाढीपुरती चालते. दुप्पट वाढीला, तेही दीर्घकाळाचा १ घेऊन, ती लावली तर बस पूर्ण रिकामी धावते. घातांकाने ५० प्रवासी उरतात आणि जमा पुन्हा ५०० रुपये, म्हणजे वाढीव उत्पन्न शून्य.

अर्थात ब्रिटनचा आकडा इथे उसना आहे. पाच किलोमीटरच्या आत आपल्याकडे बसला पर्याय मोटारीचा नसतो. शेअर रिक्षा असते, नाहीतर पाय. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ वरून ५ रुपयांवर आले, त्यावरून मुंबईचा स्वतःचा आकडा काढता येतो. मात्र त्याच सुमारास भाडेतत्त्वावरच्या नव्या गाड्याही आल्या आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. शिवाय भाडे उतरल्यावर आलेला प्रवासी भाडे चढल्यावर त्याच प्रमाणात जाईल, असे नाही.

२०२५ चा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. १० मेपासून भुयारी मेट्रो ३ बीकेसीहून (वांद्रे-कुर्ला संकुल) वरळीपर्यंत धावू लागली, म्हणजे भाडेवाढीच्या दुसऱ्याच दिवशी. फेब्रुवारीत रिक्षाचे किमान भाडे २३ चे २६ रुपये झाले होते. त्यात मेची सुट्टी, जूनमध्ये शाळा, पाऊस. एप्रिल आणि जूनचे प्रवासी नुसते वजा करून काहीच सिद्ध होत नाही. त्यातही मोठी गफलत गाड्यांची. ताफा घटला की थांब्यावर ताटकळणे वाढते, आणि खच्चून भरलेल्या बसमध्ये चढूच न शकलेला माणूस तिकिटाच्या आकड्यात येत नाही. म्हणून वेळापत्रकातल्या नव्हे, प्रत्यक्ष सुटलेल्या फेऱ्या घेऊन प्रतिफेरी प्रवासी मोजावे लागतात.

यातून वाट आहे. अंतराच्या पहिल्या टप्प्यात (पाच किलोमीटरपर्यंत) भाडे दुप्पट झाले, त्यापुढच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात वाढ प्रमाणाने कमी. एकाच मार्गावरच्या, एकाच तासातल्या या टप्प्यांची तुलना केली तर गाड्यांची टंचाई आणि पाऊस बहुतांशी दोन्हीकडे सारखेच पडतात, आणि उरणारा फरक मुख्यतः भाड्याचा म्हणता येतो. मेट्रोचा परिणाम लांबच्या प्रवाशावर वेगळा पडू शकतो, म्हणून मेट्रो ३ च्या स्थानकांजवळचे मार्ग वगळायचे. पासाची नोंद वेगळी ठेवायची : सुटे तिकीट सोडून लोक पासाकडे वळले तर तिकीटविक्री घटते, प्रवास घटत नाही.

एवढे करूनही सरासरी फसवते. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या खर्चात प्रवासाचा वाटा साडेआठ टक्क्यांच्या आसपास दिसतो, पण त्यात मोटारवाल्याचे पेट्रोलही आले. मानखुर्दची घरकाम करणारी बाई दोन थांबे चालत जाऊ लागली, तर महसुलाच्या तक्त्यात ती फक्त ‘गळालेली’ ठरते.

तेव्हा पुढच्या भाडेप्रस्तावासोबत गृहीत धरलेली लवचिकता, वापरलेले सूत्र, किमान-कमाल उत्पन्न आणि रोज रस्त्यावर येणाऱ्या गाड्या एवढे तरी छापले जावे. तिकीट मशीनमध्ये मार्ग, टप्पा आणि तास ही नोंद असतेच. प्रवाशाची ओळख काढून ती दर महिन्याला संकेतस्थळावर टाकायला फारसा खर्च येणार नाही.

— एक धोरण-अभ्यासक, दादर, मुंबई