पडवी घरात धरायची की नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारचा किनाऱ्यावरील बांधकामांविषयीचा अग्रलेख मंगळवारी दुपारी वाचला. (आमच्याकडे तुमचा अंक एसटीने येतो, आणि एसटी कधी येते ते विचारू नये.) 'घरमालकांनी आता स्वतःहून नियम समजून घ्यावेत' असा सल्ला आपण दिला आहे. आभारी आहे. माझ्या पडवीच्या पत्र्याबद्दल नोटीस आल्यापासून मी दुसरे काहीच करत नाही. आत्तापर्यंत जेवढे समजले तेवढे लिहितो. चुकले असेल तर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी दुरुस्त करावे.

माझे घर दापोली तालुक्यात, भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत आहे. वडिलांनी ते १९६२ साली बांधले. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधने घालणारी, पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ची. तोवर आमच्या घराची कौले दोनदा परतून झाली होती. या दोनशे मीटरच्या ना-विकास क्षेत्रात नवे बांधायचे नाही, पण जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, फक्त जोत्याचे (घर ज्या चौथऱ्यावर उभे असते त्याचे) क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र वाढता कामा नये, असे नियम सांगतो. मला तो मान्य आहे. पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, बंगले उभे राहू नयेत असे तुमच्याइतकेच मलाही वाटते. घोळ आहे तो 'जोते' या एका शब्दाचा.

आमच्या घराला पुढून आणि दक्षिणेकडून पडवी, म्हणजे भिंतीला लागून उतरते छप्पर, आहे. ओटीपेक्षा एक पायरी खाली, चिऱ्यांच्या दोन थरांवर. पडवी म्हणजे काय हे तुमच्या कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, पण नोटीस लिहिणाऱ्यांना सांगायला हवे. जांभ्याची भिंत पाणी पिते. आषाढात नैर्ऋत्येकडून झड सुरू झाली की पडवी नसलेल्या घराची भिंत आतून घाम फुटल्यासारखी ओली होते आणि श्रावणापर्यंत माजघरात बुरशीचा वास सुटतो. म्हणून पडवी. ती बसायला नसते, भिंत कोरडी ठेवायला असते. नारळ, सुकी लाकडे, सायकल आणि कुत्रा तिथे राहतात ते आयती जागा मिळाली म्हणून.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आले. दुपारभरात पडवीचे वासे आगरात जाऊन पडले आणि सोळा माड पडवीच्या जागेवर येऊन पडले. चार दिवसांनी पंचनाम्याला लोक आले. भल्या माणसांनी उभ्याउभ्या लिहिले, 'पडवी पूर्णतः कोसळली, कौले फुटली.' मी सही केली. पुढे मदत खात्यात जमाही झाली. कमी होती, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पावसाळ्यात कौले मिळत नव्हती, सुतार मिळत नव्हता, ताडपत्रीसुद्धा ओळखीने मिळे. म्हणून त्याच चिऱ्यांवर लोखंडी खांब रोवून पत्रा घातला. एक वीतही पुढे सरकलो नाही.

आणि आता तालुक्याच्या एका कचेरीतून नोटीस आली आहे की, 'मूळ घराच्या जोत्याबाहेर पत्र्याची शेड उभारून अनधिकृत वाढीव बांधकाम केले आहे.' मी पंचनाम्याची प्रत घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी ती नीट वाचली, परत दिली आणि म्हणाले, "तो आपत्तीचा विषय आहे. हा बांधकामाचा आहे." म्हणजे पडण्यापुरती माझी पडवी होती, उभी राहण्यापुरती नव्हती. ग्रामपंचायत तिच्यासकट घरपट्टी घेत आली, त्या पावत्याही दाखवल्या. त्यावर उत्तर मिळाले, "पट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही." हेही कायद्याला धरूनच असेल. पण मग अधिकृत कशाने होते, ते कोणी सांगेना.

त्यानंतर दोन तरुण टेप घेऊन पाहणीला आले. मुले सभ्य होती, चहा घेतला. एकाने विचारले, "काका, पाणी कुठपर्यंत येतं?" मी म्हटले, "रोजचं की उधाणाचं?" तो म्हणाला, "उधाण म्हणजे?" संपादक महाराज, भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर चढते ती रेषा, असे अधिसूचनेतच लिहिले आहे. मी त्यांना सुरूच्या बनापलीकडची जागा दाखवली. त्यांनी नकाशा पाहिला, एकमेकांकडे पाहिले आणि टेप गुंडाळला.

आता आपण सुचवलेला आणखी थोडा अभ्यास. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना सवलत आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरमागे २१६१पेक्षा जास्त माणसे असली, तर ना-विकास क्षेत्र दोनशेऐवजी पन्नास मीटर. आमच्या गावात तेवढी माणसे कुठून यायची? ती सगळी नालासोपारा आणि दिव्याला. गणपतीत गणती केली असती तर आमचा समुद्र दीडशे मीटर मागे गेला असता.

त्याच अधिसूचनेत स्थानिकांनी राहत्या घरात पर्यटक ठेवायला हरकत नाही, फक्त जोते आणि घराचा दर्शनी भाग बदलायचा नाही, असेही आहे. आमची मंडळी दोन खोल्या देतात, उकडीचे मोदक करून घालतात. पुण्याच्या पाहुण्यांना संडास खोलीला लागून हवा. जोते वाढवायचे नाही, म्हणून भाताची कणगी होती तिथे आता कमोड आहे. यापेक्षा जास्त नियम कसा पाळतात ते कळवावे.

जाता जाता एक राहिले. ज्या अंकात तुम्ही आम्हाला शिस्त शिकवलीत, त्याच अंकाच्या पाचव्या पानावर अर्धे पान जाहिरात आहे: समुद्राला खेटून एनए (बिगरशेती) प्लॉट, मोजकेच शिल्लक. मी त्या नंबरावर फोन केला आणि भरतीरेषेपासून किती मीटर, एवढेच विचारले. पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही आधी व्ह्यू बघायला या ना." अग्रलेख लिहिणाऱ्यांनी तोही बघून यावा. वाटेत आमचे घर लागते. पडवीत बसू.

माझी सुनावणी १८ जूनला आहे. तोवर पत्रा ठेवायचा की काढायचा, हे नोटिशीत लिहिलेले नाही. दक्षिणेची भिंत मात्र ७ जूनपासूनच भिजायला लागते.

आपला,
एक घरमालक (पडवीसह),
ता. दापोली, जि. रत्नागिरी