महिन्याला तेल किती लागतं तुमच्या घरी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही रोज दहा हजार पावलं चालाच असा अर्धा पान लेख छापला, फोटो पण छान होता, पण तो वाचून आमच्या ह्यांनी रात्री साडेदहाला गॅलरीत येरझाऱ्या सुरू केल्या कारण हातातल्या पावलं मोजणाऱ्या घड्याळात ९,२०० झाले होते आणि ८०० कमी पडत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या विचारायला, काय हो, कुणाला बरंबिरं नाही का. म्हणून हे पत्र.

आमच्या घरात ही घड्याळं दोन आहेत, मुलगा पुण्याला कंपनीत आहे त्यानं दिवाळीला आणली, एक माझं एक ह्यांचं. मी सहा महिने इमानदारीत घातलं. पहाटे सिद्धेश्वर तलावाकडं जाऊन यायचं, सोलापूरचं ऊन माहितीच आहे, आठनंतर चालणं म्हणजे शिक्षाच. पण त्या घड्याळाची एक गंमत सांगते. परातीत चार-पाच भाकऱ्या थापल्या की बसल्या जागी शंभरेक पावलं जमा! आणि मंडईतनं दोन्ही हातात जड पिशव्या घेऊन घरापर्यंत चालत आले तर निम्मी पण धरत नाही, कारण हात हलत नाही ना. म्हणजे चालले तेव्हा नाही आणि बसले तेव्हा मोजलं.

आणि हे दहा हजार आले कुठनं, तर जपानमधनं. १९६४ ला टोकियो ऑलिम्पिक झालं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या यामासा नावाच्या कंपनीनं पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव मानपो-केइ, म्हणजेच 'दहा हजार पावलांचा मीटर'. डॉक्टरांनी वगैरे काढलेला आकडा नाही तो, जाहिरातीला बरा वाटला म्हणून ठेवलेलं नाव. हार्वर्डच्या आय-मिन ली बाईंनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांवर बायकांचा अभ्यास छापला, त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फारसा फरक दिसला नाही. हे लेखात एका ओळीत बसलं असतं की. माझ्या सासूबाई ८२ च्या आहेत, त्यांनी तुमचा लेख वाचून 'आता माझं काय व्हायचं' म्हणून तोंड पाडलं.

चालू नका असं मी म्हणत नाही, गैरसमज नको, चालण्यानं झोप लागते, डोकं शांत राहतं, माझे गुडघे सुद्धा सुधारले. पण सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१, म्हणजे डायबेटिसच्या उंबऱ्यावर. आणि मोबाइलमधलं ॲप मला हिरवं दाखवतंय! वजन ५६, उंची पाच फूट एक इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या जरा वर, ॲप म्हणतं 'नॉर्मल', कारण त्याची रेघ २५ ला आहे. आपल्या भारतीयांसाठी ती रेघ २३ ला धरतात हे त्याच्या गावीही नाही. कमरेला टेप लावली तर ८८ सेंटिमीटर, बायकांसाठी ८० च्या आत हवी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांचा शेजारी उभा राहिलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय सेम २२.३, पण अंगातली चरबी युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२. आपण बारीक दिसतो पण आत साठवलेलं असतं.

मग खाण्याची नोंद ठेवू म्हटलं. ॲपमध्ये शेंगाचटणी शोधली, तर पीनट बटर आलं. धपाटं टाकलं, काहीच नाही. भाकरी मिळाली पण 'एक', आता एक म्हणजे केवढी? माझी भाकरी साठ ग्रॅम पिठाची, जावेची शंभरची, तिच्या माहेरी शेती आहे, तिथं हात मोठाच. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३३० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे एकीची भाकरी दोनशेची आणि दुसरीची सव्वातीनशेच्या वर, ॲपला दोन्ही सारख्या. आणि घड्याळ ज्या खर्च झालेल्या कॅलरी दाखवतं त्याचं तर बोलूच नका. २०१७ ला स्टॅनफर्डवाल्यांनी सात वेगवेगळी घड्याळं तपासली, हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात बरं होतं त्याची पण चूक २७ टक्के. आमचे हे मात्र '४०० जळाल्या' दिसलं की दोन जिलब्या उचलतात, हिशोब फिटला म्हणून.

तर आता माझा मुद्दा. आमच्याकडं किराणाची वही आहे, लग्न झाल्यापासून सवय आहे, दर महिन्याची यादी आणि भाव लिहिते. एक दिवस ती घेऊन बसले आणि शेजारी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ ला काढलेल्या मार्गदर्शनातलं दिवसाचं ताट ठेवलं. साधारण २,००० कॅलरीच्या ताटाला त्यांनी माणशी रोजचं असं दिलंय, धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, डाळी-कडधान्यं ८५, शेंगदाणे-तीळ-बदाम वगैरे ३५, फळं १००, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली. सगळं कच्चं वजन, म्हणजे थेट दुकानदाराच्या काट्यावरचं! याला चार माणसं आणि तीस दिवस असं गुणलं.

तेल निघालं सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर. वहीत दर महिन्याला सहा पिशव्या, एकेक लिटरच्या. श्रावणात सात. अडीच लिटर जास्तीचं म्हणजे माणशी रोज १७० कॅलरी, तेवढ्या उडवायला माझ्यासारखीला तासभर चालावं लागतं. म्हणजे मी तलावावर रोज पहाटे जे कमवत होते ते घरी येऊन कढईत ओतत होते, आणि कढई माझीच, दोष कुणाला द्यायचा.

डाळी-कडधान्यं निघाली दहा किलोच्या वर. वहीत तूर दोन किलो, मूग एक, मटकी अर्धा, हरभरा अर्धा, झालं. निम्मं पण नाही. अंडी-मटण खाणाऱ्यांना त्यातली थोडी डाळ कमी चालते पण आमच्यात मटण महिन्यातनं दोनदा, तेही चार माणसांत अर्धा किलो. मी तर समजत होते आपण रोज आमटी करतो म्हणजे प्रोटीनचं काम झालं. आमटीत डाळ किती आणि पाणी किती हे पाहुणे आले की कळतं. मुलगी मात्र प्रोटीन पावडरचा डबा आण म्हणून मागं लागलेली, त्याच मार्गदर्शनात लिहिलंय की असल्या पावडरी टाळा, तिला ते पान दाखवलं आणि मटकी दोन किलो आणली.

भाजी आठवड्याला अकरा किलो हवी, आम्ही आणतो सहा, त्यात बटाटा दीड. दूध रोज सव्वा लिटर हवं, आम्ही लिटर घेतो पण ते सगळं चहात जातं. एकाच गोष्टीत पैकीच्या पैकी मार्क, शेंगदाणे! सव्वाचार हवेत आणि आमचे चार किलो सहज संपतात, सोलापूर आहे बाबा.

वहीत सगळं येत नाही हे मला माहिती आहे. बाहेरचा वडापाव, लग्नातलं जेवण, संध्याकाळचं फरसाण त्यात नाही. दुसरं म्हणजे घरात किती आलं ते वही सांगते, कुणाच्या ताटात किती गेलं ते नाही सांगत. बायका शेवटी बसतात, तोवर पातेल्यात तळाला उरलेलं असतं तेच. सरकारच्याच २०१९-२१ च्या मोठ्या आरोग्य सर्व्हेत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी निघालं होतं, १५ ते ४९ वयातल्या, ते घड्याळावर कुठं दिसणार. मी आता सगळ्यांबरोबरच पान वाढून घेते, भाकऱ्या आधीच थापून ठेवते, हे सुरुवातीला कुरकुरले की गरम पाहिजे म्हणून, म्हटलं मग तुम्ही थापा, दोनशे पावलं मिळतील.

या महिन्यात चार लिटर तेल एका बरणीत ओतलं आणि बाहेरनं मार्करनं चार आठवड्यांच्या रेघा मारल्या. २३ तारखेला संपलं. पुढचे सात दिवस उकडलेलं, भाजलेलं आणि जावेकडनं आणलेलं एक वाटी, ते पण लिहिलंय वहीत.

तुमच्याकडं मागणं एवढंच की हे महिन्याचं गणित दर एक तारखेला एका चौकटीत छापा, दोन माणसांचं, चौघांचं, सहा जणांचं, लोक यादी करायला बसतात तेव्हा समोर असू दे. आणि त्याच पुरवणीत मागच्या पानावर पाककृती येतात त्यात सगळं चमच्यानं मोजून देता, हळद पाव चमचा, हिंग चिमूटभर, आणि तेल मात्र 'गरजेनुसार'. ते चमच्यात द्या.

आपली नियमित वाचक,
जुळे सोलापूर