इंटर्नल मोडेम आणि माउस एकाच आयआरक्यूवर (प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच घंटीवर), आणि तुम्ही मला फॉरमॅट मारायला लावलंत : तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

तुमचं इंटर्नल मोडेम कार्ड (फोनच्या लाइनवरून इंटरनेटला जोडणारं) घेऊन दीड महिना होत आला आणि त्यातले पाच आठवडे ते धड चाललंच नाही. चार वेळा फोन झाले, दर वेळी वेगळा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा सांगायची, म्हणून आता लेखीच कळवतेय.

कॉम्प्युटर जुना आहे हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्याकडे प्रत्येक बोलणं तिथेच येऊन थांबतं. विंडोज ९८ आहे, माउस मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला लागतो. साउंड कार्ड, प्रिंटर, सगळं इतकी वर्षं बिनतक्रार चाललंय. तुमच्या खोक्यावर 'विंडोज ९८ वर चालते' असं स्वच्छ छापलंय, ते वाचूनच घेतलं ना मी.

कार्ड बसवल्यापासून व्हायचं असं की डायल केलं, तो चिरका आवाज झाला, कनेक्ट झालं, आणि माउसला हात लावला की स्क्रीनवरचा बाण आहे तिथेच थिजायचा. मग टॅब आणि एंटर मारत कसंबसं डिसकनेक्ट करायचं, की बाण परत हलायला लागायचा. कधी कधी उलट, बाण चालायचा पण लाइन कट. रोज हेच.

पहिल्या फोनला सांगितलं ड्रायव्हर काढून परत टाका, टाकला, दोनदा टाकला. दुसऱ्या फोनला म्हणे साउंड कार्ड काढून बघा, काढलं, काही फरक नाही. तिसऱ्या फोनला तुमचा माणूस म्हणाला विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारा. मी त्याला दोनदा विचारलं, दुसरा काही उपाय नाही का, तो म्हणाला नाही.

मारला फॉरमॅट. मी शिकवण्या घेते, तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्या मशीनवर होत्या, अकरा फ्लॉपींवर कॉपी करून घेतल्या होत्या, त्यातल्या चार आता वाचल्याच जात नाहीत, ड्राइव्ह नुसता घरघरतो आणि एरर देतो. भूमितीचे सगळे पेपर त्या चारांत होते. एकेक आकृती माउसने रेघ रेघ ओढून काढलेली होती हो. आणि एवढं करून कोरं विंडोज टाकून डायल केलं तर काय, माउस हलवला आणि बाण थिजला, अगदी पहिल्या दिवसासारखा.

शेवटी मीच शोधायला बसले. कंट्रोल पॅनेलमध्ये मोडेम, त्यात डायग्नोस्टिक्स, तिथे 'मोअर इन्फो' दाबलं तर पोर्ट कॉम ३ (कॉम म्हणजे सिरियल पोर्ट, पुढे त्याचा नंबर), इंटरप्ट, म्हणजे आयआरक्यू, ४. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या 'कॉम्प्युटर'ची प्रॉपर्टीज उघडली, तिथे आयआरक्यूची ० ते १५ अशी यादी येते, त्यात ४ वर कॉम १ बसलेला. कॉम १ म्हणजे माझा माउस! दोघांना प्रोसेसरला हाक मारायला घंटी एकच, मग एकाने वाजवली की दुसऱ्याचा घोटाळा होणारच, आणि या आयएसए म्हणजे जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधल्या कार्डांना इंटरप्ट वाटून घेता येत नाही. कॉम १ आणि कॉम ३ दोघंही ठरलेल्या पद्धतीने ४ वरच असतात, कॉम २ आणि कॉम ४ तीनवर, मोडेम बनवणाऱ्या कंपनीला हे मी सांगायचं का? ५ साउंड कार्डाकडे, ७ प्रिंटरकडे, १४ आणि १५ हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्हकडे, म्हणून मोडेम ३ वर हलवून बघायचं ठरवलं.

कार्ड बाहेर काढून दिव्याखाली धरलं तेव्हा कडेला पिनांच्या दोन ओळी दिसल्या, शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात आकडे, आणि काळी प्लॅस्टिकची टोपी (तिलाच जंपर म्हणतात) कॉम ३ आणि आयआरक्यू ४ वर बसवलेली, तुमच्याच फॅक्टरीतून आलेली. चिमट्याने ती उचलून कॉम २ आणि आयआरक्यू ३ वर लावली. तरीही मोडेम दिसेना, कारण मदरबोर्डचा स्वतःचा दुसरा सिरियल पोर्ट कॉम २ अडवून बसलेला, त्याला काहीच जोडलेलं नसताना. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) गेले, तो पोर्ट डिसेबल केला, आणि गेले आठ दिवस माउस आणि मोडेम दोन्ही एकत्र चालतायत. एकदाही अडकलं नाही.

तुमच्या माहितीपत्रकात चार पानं आहेत. 'कार्ड स्लॉटमध्ये बसवा, विंडोज आपोआप ओळखेल' एवढंच त्यात लिहिलंय, जंपर हा शब्दसुद्धा नाही. अर्ध्या पानाचा एक तक्ता, कुठली टोपी कुठे लावली की कुठला पोर्ट आणि कुठला आयआरक्यू, एवढं छापलं असतं तर माझे पेपर आज जागेवर असते. आणि तुमच्या एकाही माणसाने पाच आठवड्यांत मला 'माउस कुठल्या पोर्टला आहे?' एवढं विचारलं नाही. चौथा फोन मी उपाय सापडल्यावर केला, निदान नोंद तरी करून घ्या म्हणून, तर उत्तर मिळालं की मशीन जुनं झालंय, नवीन घ्या. त्याचा मला फॉरमॅटपेक्षा जास्त राग आलाय.

कार्ड परत करायचं नाहीये, ते आता चालतंय. मला जंपरचा तक्ता पाहिजे, आणि तो यापुढे प्रत्येक खोक्यात घाला. फोनवर बसणाऱ्यांना सांगा की आयआरक्यूची यादी बघितल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट मारायला सांगायचं नाही. आणि चुकीच्या सल्ल्यामुळे माझा डेटा गेला हे मला लेखी मान्य करून हवंय, फोन करू नका, पत्रच पाठवा.

कळावे,
तुमची एक ग्राहक