मोजायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझी लेक आता मोठ्या वर्गात गेली. आभार तुमच्यासमोर मानायला हवे होते, पण शाळा सुटताना दारातल्या गडबडीत ते राहूनच गेलं. आता उघड पत्रच लिहितेय. घरात तीन-चार वर्षांचं मूल असलेल्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

ती तुमच्याकडे आली तेव्हा वीसपर्यंत घडाघडा म्हणायची. पाहुण्यांसमोर कौतुक व्हायचं. तुम्ही टेबलावर पाच बटणं ठेवलीत. तिनं एकेकावर बोट ठेवून बरोबर मोजली. "मग किती आहेत?" तुम्ही विचारलंत. तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली. परत विचारलंत, परत तेच. तुम्ही तिला काही समजावत बसला नाहीत, फक्त हात पुढे करून म्हणालात, "मला तीन दे." तिनं मूठभर बटणं तुमच्या हातावर ओतली आणि खूश झाली!

शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती, हे मुलांना पाठांतरातून कळत नाही, हे तेव्हा तुम्ही मला सांगितलंत. आधी 'एक' पक्का होतो, मग 'दोन', मग 'तीन', आणि या प्रत्येक टप्प्याला कित्येक महिने लागू शकतात. बऱ्याच मुलांना ही गोष्ट साडेतीन-चार वर्षांच्या आसपास उमगते, काहींना आणखी उशिरा. "घाई करू नका, आणि 'मोज' म्हणण्यापेक्षा 'आण' म्हणा," हे तुमचं वाक्य मी अजून शेजारणींना ऐकवते.

मग आमच्याकडे चमच्यांचं काम तिच्याकडे गेलं. "आपण जेवायला जितके जण, तितके चमचे आण." सुरुवातीला ती एक चमचा आणायची, आजीच्या ताटाशी ठेवायची, परत पळायची, दुसरा आणायची. एवढ्या फेऱ्या बघून माझाच जीव दमायचा, पण तुम्ही म्हणाला होतात की माणसागणिक एक चमचा लावणं हाच मोजण्याचा पाया. एके संध्याकाळी ती खणापाशी थांबली, बोटं दुमडत काहीतरी पुटपुटली आणि एकदम चार चमचे घेऊन आली. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, न जाणो, लक्षात आलं तर थांबायची!

पायऱ्या, पायमोज्यांच्या जोड्या, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे, हे सगळं ओघानं आलंच. मला खरी मजा आली ती उलट मोजण्यात. तेच खडे उजवीकडून मोजले तर वेगळे भरतील, असं तिला ठाम वाटायचं. तुमच्या सल्ल्याप्रमाणे मी वाद घातला नाही, "बघ बरं मोजून" एवढंच म्हणत राहिले.

आणि तो फाशाचा खेळ! चारच्या घरात सोंगटी असताना तीन पडले, तर 'एक, दोन, तीन' न म्हणता 'पाच, सहा, सात' म्हणत पुढे जायचं, हा तुमचा नियम. सीगलर आणि रमाणी या संशोधकांनी २००८ साली दाखवलं होतं, की १ ते १० आकडे ओळीनं लिहिलेल्या पटावर थोडे दिवस खेळलेल्या मुलांची आकड्यांची समज वाढली, पण तोच खेळ नुसत्या रंगीत घरांवर खेळलेल्यांची तशी वाढली नाही. हे तुमच्याकडूनच कळलं. आकडे गिरवायच्या वह्यांवर पालकांचा एवढा जीव का असतो, ते मला तरी आता समजत नाही.

शाळा सुटल्यावर दारात थांबून माझ्यासारख्या कितीतरी आयांच्या त्याच त्या शंका तुम्ही ऐकून घेतल्यात. उशीर होत असायचा, तरी घड्याळाकडे पाहिलं नाहीत. त्या वेळेबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दलही मनापासून आभार.

आपली,
तुमच्या एका विद्यार्थिनीची आई