कॅप्टन व्हेट, त्या चार बोटांसाठी

आदरणीय कॅप्टन गॉर्डन व्हेट,

तुम्ही २०१५ मध्ये गेलात, हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरी लिहितोय, कारण फवारणीच्या विमानांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांच्या पोटात २२ डिसेंबर १९७८ ची ती संध्याकाळ, प्रशांत महासागरावर वाट चुकलेलं ते फवारणीचं विमान आठवलं की अजून कालवतं.

सेसना १८८ हे एका माणसाचं, एका इंजिनाचं विमान. पिकावरून दहा-वीस फुटांवर उडायचं, टाकी रिकामी झाली की परत यायचं, एवढ्यासाठी बांधलेलं. ते समुद्रापार पोचवायचं तर औषधाच्या टाकीत सहसा पेट्रोलच भरतात. वैमानिक जे प्रॉक्नाऊ असंच एक विमान ऑस्ट्रेलियाला पोचवायला निघाले होते. अमेरिकन सामोआतलं पागो पागो ते नॉरफोक बेट हे सुमारे २,७०० किलोमीटर पाणी, म्हणजे तेरा-चौदा तास. आणि बेट जेमतेम आठ किलोमीटर लांब! एवढ्या अंतरावर दिशा दोन अंश चुकली तरी माणूस नव्वद किलोमीटर बाजूला जातो.

दगा दिला तो एडीएफच्या, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची दिशा दाखवणाऱ्या यंत्राच्या सुईनं. हे यंत्र बिघडलं तर लाल निशाण येत नाही, सुई कुठेतरी दाखवतच राहते. समुद्र ओलांडताना असल्या एका सुईवर सगळी भिस्त ठेवायच्या त्या काळच्या रीतीबद्दल राग येतो, तो येतोच. पाण्यावर उतरणं म्हणजे काय, तेही आम्हाला ठाऊक आहे. सेसना १८८ ची चाकं आत ओढता येत नाहीत. ती आधी पाण्यात रुततात आणि विमान नाकावर उलटतं. त्यातून रात्रीची वेळ.

तुम्ही फिजीहून ऑकलंडला चालला होता. एअर न्यूझीलंडचं मोठं प्रवासी विमान डीसी-१०, मागे ८८ प्रवासी. आसपास दुसरं विमान नव्हतं. प्रॉक्नाऊंना शोधायला तुम्ही वळलात.

पुढची सगळी आकडेमोड एकीकडे, आणि तुमचं एक साधं सांगणं एकीकडे. तुम्ही प्रॉक्नाऊंना हात लांब करायला सांगितलंत. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी किती बोटं मावतात? त्यांची चार आली. तुमची दोन. हात ताणून धरला की एक बोट म्हणजे साधारण दोन अंश, आणि एका अंशाला साठ सागरी मैल. त्यांचा सूर्य तुमच्यापेक्षा दोन बोटं वर होता, म्हणजे ते मावळतीकडे, सुमारे २४० सागरी मैलांवर. आमच्याकडे शेतकरी 'दिवस कासराभर वर आला' म्हणतो, त्याच जातीचं हे माप. ज्याची सगळी यंत्रं परकी झाली होती, त्याला तुम्ही त्याचाच हात वापरायला दिलात. या एका गोष्टीसाठी आम्ही तुमचे जन्माचे ऋणी आहोत.

मग व्हीएचएफ, म्हणजे विमानांच्या बोलण्याचा रेडिओ. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईनं त्या अडतात, त्यामुळे आवाज ऐकू येण्याची हद्द ही एका वर्तुळाची कड असते. आवाज तुटला तिथे नकाशावर खूण, वळून परत आत, पुन्हा तुटला तिथे दुसरी खूण. अशा खुणांवरून वर्तुळाचा मध्य, म्हणजे प्रॉक्नाऊंची जागा निघते. आणि शेवटी सूर्यास्त. नॉरफोकचा आणि प्रॉक्नाऊंचा सूर्यास्त यांत साडेबावीस मिनिटांचा फरक होता. चार मिनिटांना एक अंश, म्हणजे ५.६ अंश. त्या अक्षांशावर अंश आक्रसून बावन्न सागरी मैलांचा होतो, तो हिशेब धरून नॉरफोकपासून पूर्व-पश्चिम अंतर २९१ सागरी मैल. विमान जितकं उंच तितका सूर्य उशिरा मावळतो, ही दुरुस्तीही तुमच्याकडून सुटली नाही. प्रवाशांमधले माल्कम फोर्सिथ जुने नॅव्हिगेटर निघाले आणि तेही कामाला लागले. पुढे ओढून नेल्या जाणाऱ्या एका तेलविहिरीच्या फलाटाचे दिवे प्रॉक्नाऊंना दिसले आणि तुमचं गणित बरोबर असल्याची खात्री पटली.

वर्षभरानं अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर तुमच्याच कंपनीचं डीसी-१० आदळलं, २५७ माणसं गेली. पहिल्या अहवालानं दोष मेलेल्या वैमानिकांच्या माथी मारला. तुम्ही गप्प बसला नाहीत. बर्फाळ उजेडात समोरचा चढ डोळ्यांना सपाट का भासतो, ते तुम्ही खपून मांडलंत. १९८१ मध्ये न्यायमूर्ती मेहन यांच्या चौकशीनं त्या वैमानिकांना दोषमुक्त केलं. स्वतःची नोकरी आणि दुसऱ्याची अब्रू यांत दुसऱ्याची अब्रू धरणारी माणसं कुठल्याही धंद्यात थोडी असतात.

प्रॉक्नाऊ २३ तास ५ मिनिटं हवेत होते. टाकीत फार काही उरलं नव्हतं. चाकं नॉरफोकच्या धावपट्टीला लागली, पाण्याला नाही.

आपले ऋणी,
फवारणीची विमानं उडवणारे आणि सांभाळणारे