खंड कोणता, ते कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'खंड' हा एकच शब्द बातम्यांत अनेक अर्थांनी येतो आणि वाचक फसतो. भूकंपाच्या बातम्यांत 'भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो' अशा अर्थाचे वाक्य अधूनमधून छापून येते. नवी मुंबईत भूखंड म्हटले की सेक्टर, क्रमांक आणि चौरस मीटर आठवतात. तो सरकला तर भांडण शेजाऱ्याशी व्हायचे, तिबेटशी नव्हे. जे सरकते, म्हणजे पृथ्वीच्या कठीण कवचाचा मोठा तुकडा, त्याला भूपट्ट म्हणावे, आणि हा केवळ सोवळेपणाचा आग्रह नाही. भारतीय भूपट्टात हिंदी महासागराचा बराच तळही येतो. खंड किंवा भूखंड म्हटले की फक्त पाण्यावरची जमीन डोळ्यांसमोर राहते. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडले ते खंडवहन, कारण त्यांच्या कल्पनेत खंडच सरकत होते. तेथे तो शब्द योग्य आहे. आजच्या भूकंपाच्या बातमीत नाही.

खंड म्हणजे मुळात तुटून वेगळा झालेला भाग. पूजेच्या संकल्पात 'जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे' येते. त्यात द्वीप सर्वांत मोठे. वर्ष आणि खंड त्याच्या पोटात. हिंदीने वरचा शब्द उचलून आशिया-आफ्रिकेला महाद्वीप केले, मराठीने खालचा उचलला आणि द्वीप बेटापुरते ठेवले. म्हणून हिंदीतून आलेला मजकूर घाईत उतरवला की 'उपमहाद्वीप' तसाच राहून जातो. 'प्रायद्वीप' तर जास्तच फसवा. हिंदीत तो द्वीपकल्प. आपल्याकडे 'खंडप्राय' म्हणजे जवळपास खंडाएवढा. भारत खंडप्राय आहे आणि त्याचा दक्षिण भाग द्वीपकल्प आहे. ही दोन वेगळी विधाने आहेत. हिंदीतले 'खंड विकास अधिकारी' म्हणजे आपले गटविकास अधिकारी, हेही उपसंपादकांच्या टेबलावर चिकटवून ठेवण्यासारखे.

समुद्राकडे वळले की आणखी एक खंड लागतो. अरबी समुद्रातील मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले आणि तेथून वाहिनी उरणला येते. हे क्षेत्र भूखंडमंचावर, म्हणजे खंडाच्या पाण्याखाली गेलेल्या उथळ भागावर आहे. शालेय पुस्तकांत त्याला समुद्रबूड जमीनही म्हणतात. साधारण २०० मीटर खोलीपर्यंत तळाचा उतार मंद असतो, तेथून पुढे खंडान्त उतार सुरू होतो. मुंबई हायजवळ पाण्याची खोली शंभर मीटरही नाही, त्यामुळे त्याला 'खोल समुद्रातील क्षेत्र' म्हणणे चूक. कायद्यातला भूखंडमंच मात्र वेगळा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार, तळाचा मंद उतार किनाऱ्याजवळच संपला तरी किनारी राष्ट्राला आधाररेषेपासून २०० सागरी मैलांपर्यंतचा मंच मिळतो. तळ नैसर्गिकरीत्या पुढे जात असेल तर त्याहूनही जास्त. सागरी हद्दीची बातमी देताना नकाशा या दोहोंतल्या कोणत्या मंचाचा आहे, ते लिहावे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते सातबाऱ्यावर. गाव नमुना सातवर 'कुळ, खंड व इतर अधिकार' असा रकाना असतो. शहापूर, मुरबाड, पनवेल भागात जमीन पाहणारे शहरी वाचक त्यातल्या खंडाचा अर्थ जमिनीचा भाग असा लावतात. हा खंड म्हणजे कुळाने जमीनमालकाला द्यायची ठरीव रक्कम किंवा धान्य. पिकाचा अर्धा वाटा ठरलेला असेल तर ती अर्धेली. आधीच आकडा ठरलेला असेल तर खंड. अलिबागजवळच्या चरीला १९३३ पासून शेतकऱ्यांनी जो दीर्घ संप केला, त्याच्या मुळाशी खोतांनी घ्यायचे हेच धान्य होते. जमिनीचे माप वेगळ्या रकान्यात हेक्टर, आर, चौरस मीटर असे असते: १०० आरचा एक हेक्टर, १०० चौरस मीटरचा एक आर. गुंठा आरपेक्षा किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर. खंडाच्या रकान्यात जुना आकडा किंवा कुळाचे नाव दिसले, तर १९४८ च्या कूळकायद्याखालचे कागद मागवावेत: कलम ३२-ग खाली कुळाने द्यायची खरेदीची किंमत ठरली का, ३२-म चे खरेदी प्रमाणपत्र झाले का, आणि हस्तांतरणावर कलम ४३ ची अट आहे का. ते न पाहता दिलेला विसार अडकतो.

जमिनीचा तोडलेला भाग हवा असेल तर कायद्याचा शब्द 'तुकडा' आहे. १९४७ च्या कायद्याला आपण तुकडेबंदी म्हणतो ते त्यामुळेच. सिडकोचा भूखंड सर्वसाधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो, म्हणून त्यावर द्यायचे ते भाडे, खंड नव्हे. आणि 'भूखंड विकला' असे जे छापले जाते, त्यात बहुधा भाडेपट्ट्याचे हक्क हस्तांतरित झालेले असतात. जमीन संपादित झालेल्यांना विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेच्या बातम्यांत हा फरक दिसलाच पाहिजे, कारण खरेदीदाराला हस्तांतरण शुल्क आणि परवानगी या दोन गोष्टी त्यातूनच कळतात.

न्यायालयाच्या बातम्यांत खंडपीठ दोन जागी राबते. दोन न्यायमूर्तींचे पीठ म्हणजे खंडपीठ. आणि उच्च न्यायालयाचे नागपूर किंवा पणजीचे ठिकाणही खंडपीठच. त्यामुळे 'नागपूर खंडपीठाने फेटाळले' या ओळीवरून निर्णय एकाचा की दोघांचा, ते कळत नाही. अपील पुढे कोठे करायचे हे त्यावरही अवलंबून असल्याने पक्षकाराला हा तपशील हवा असतो. 'नागपूर खंडपीठातील एकसदस्यीय पीठ' असे लिहायला दोन शब्द जास्त लागतात, ते लागू द्यावेत. सर्वोच्च न्यायालयाचे संविधानाच्या अर्थासाठी बसलेले पाच किंवा अधिक न्यायमूर्तींचे पीठ असेल तर ते घटनापीठ; त्याला पाच सदस्यांचे खंडपीठ म्हणू नये. संविधानातही खंड आहेतच. भाषणस्वातंत्र्य अनुच्छेद १९, खंड (१), उपखंड (क) मध्ये आहे. म्हणजे उपखंड हा भारत-पाकिस्तान-श्रीलंकेचा प्रदेश आणि कायद्याच्या मजकुराचा बारीक तुकडा, दोन्ही.

पावसाचा खंड शेतकऱ्याला कोणी समजावायला नको, पण शहरी बातमीदार 'रिमझिम सुरू आहे' म्हणून खंड संपवून टाकतात. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. त्याहून कमी रिमझिमीत जमीन वरून ओली दिसते, मुळांपर्यंत काही जात नाही. नोकरदारांचा सेवाखंड वेगळ्याच जातीचा. तात्पुरत्या नेमणुकांमध्ये मुद्दाम दिलेला एक-दोन दिवसांचा 'तांत्रिक खंड' पुढे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात आडवा येतो आणि तो क्षमापित करून घ्यावा लागतो. अशा बातमीत 'खंड माफ' असे लिहू नये. आदेशात 'क्षमापित' शब्द असतो आणि कर्मचारी तोच शोधतो.

शेवटचा मुद्दा डोळ्यांचा. खग्रास आणि खंडग्रास हे शब्द मथळ्यात सहज बदलतात. २६ डिसेंबर २०१९ चे सूर्यग्रहण केरळ-तामिळनाडूच्या पट्ट्यात कंकणाकृती होते, ठाण्यात खंडग्रास. २ ऑगस्ट २०२७ चे उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानच्या पट्ट्यात खग्रास असेल, आपल्याकडे खंडग्रास. खग्रास स्थितीत, सूर्यबिंब पूर्ण झाकलेले असते त्या थोड्या मिनिटांपुरताच ग्रहणाचा चष्मा काढता येतो. खंडग्रासात आणि कंकणाकृतीत तो क्षणभरही काढायचा नसतो, आणि काजळी धरलेली काच किंवा जुनी एक्स-रे फिल्म चालत नाही. त्या दिवशीच्या मथळ्यात जागा वाचवायची असेल तर दुसरा कोणताही शब्द कापा, 'खंड' कापू नका.

आपला,
एक वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)