चुन्याची निवळी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, "निपाणी सोडून हॅम्बर्गला गेलीस ती दगड पाळायला का?" असे आपण परवा फोनवर विचारलेत, तेव्हा मी नुसतीच हसले. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आहेत ते दगड नव्हेत, दगड घडवणारे जीव आहेत: प्रवाळ, म्हणजे पोवळी. (आईच्या अंगठीतले लाल पोवळे मात्र निराळ्या कुळातले.) या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडात अन्न तयार करून त्यातले बरेचसे प्रवाळाला देते, आणि त्या बळावर प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम व कार्बोनेट ओढून घेत स्वतःखाली सांगाडा रचत जाते.

समुद्राला हा खर्च जाणवत नाही. माझ्या दोनशे लिटरच्या टाकीत मात्र लिटरमागे 420 मिलिग्रॅमच्या आसपास राखलेले कॅल्शियम बघता बघता उतरते. त्याची भरपाई मी चुन्याच्या निवळीने करते. आई, लहानपणी तू मला चमच्याने पाजायचीस तीच ही निवळी, आणि बाबांच्या चंचीतल्या डबीत असतो तोच चुना, फक्त अधिक शुद्ध. लिटरभर क्षाररहित पाण्यात तो जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो. गाळ तळाशी बसला की वरचे नितळ पाणी, टाकीतून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी, रात्री थेंबाथेंबाने सोडायचे. कारण अंधारात शैवालाचे काम थांबून पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) उतरतो, आणि अल्कधर्मी निवळी तो सावरून धरते.

गेल्या मार्चमध्ये थेंब सोडणारा पंप अडकला आणि रात्रभराची निवळी तासाभरात ओतली गेली. पाणी ताकासारखे पांढरे झाले. मी घरातले सोडावॉटर थोडेथोडे ओतत पहाटेपर्यंत सामू मोजत बसले. मासे वाचले, पण प्रवाळाच्या दोन फांद्यांची टोके पांढरी पडली ती पडलीच. तेव्हा मला आपला फोन घेता आला नाही, त्याचे खरे कारण हे होते.

आई, टाकी घरी घेऊन ये म्हणतेस, ते मात्र होणार नाही. आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व पाषाण-प्रवाळांना वाघाच्या पंक्तीला बसवले आहे, आणि ते मला योग्यच वाटते. दिवाळीला मी एकटीच येईन. शेजारणीला निवळी करायला शिकवते आहे. ती अजून गाळ ढवळते.

आपली,
धाकटी